सुईचे डोहाळे

माझ्या पोटात पोर हाय, ही बातमी मला आमच्या गावानं दिली. मला सोताला ठाऊक नव्हतं. सासूला ठाऊक हुतं, दळनाच्या रांगेला ठाऊक हुतं, पान्याच्या टँकरवाल्याला सुदिक ठाऊक हुतं. जिचं पोट तिला कोन विचारतंय?

आमची पिठाची गिरनी. पाथर्डीकडच्या आमच्या गावात येवढी एकच, पत्र्याच्या शेडात, डिझेलवर चालनारी. इंजिन गहिनीनाथ चालवायचा आन् दळन मी घ्यायची. गहिनीनाथ म्हंजे माझा नवरा. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हनत्यात. मी आधी घेत नव्हते, आता घेते.

तर आमच्यात बाई बाजूला बसली की चार दिवस धान्याला हात लावत न्हाई. दुसऱ्या घरातली बाई बाजूला बसली तर घरच्यांना कळतं, फार तर शेजारनीला. माझं तसं नव्हतं. मी बसले की दळन घ्यायला गहिनीनाथ सोता फुडं यायचा, आन् रांगेतल्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या, "गोजरा बाजूला हाय वाटतं." तेरा वर्सं माझा महिना असा चावडीवरच्या नोटिशीवानी गावाला वाचायला लागलेला. चार दिस उशीर झाला की विचारायच्या, "काय गं, काय खबर?" आन् पाचव्या दिवशी गहिनीनाथ पाटी उचलायला आला की त्याच बाया चुकचुकायच्या. तेरा वर्सांत पोर झालं न्हाई. मला वांझोटी म्हनताना कुनाची जीभ अडखळली न्हाई, आन् माझ्या सासूची, आक्काबाईची, तर न्हाईच न्हाई.

मग मानंला गाठ आली. डाव्या अंगाला, गळ्याच्या हाडाच्या वर. आधी बोरायेवढी, मग सुपारीयेवढी. सासूनं तिला बिब्बा लावला. कातडं भाजून निघालं, गाठ जागची हलली न्हाई. तालुक्याच्या एका डाक्टरनं टीबी म्हनून सहा महिने दंडाची चाळन केली. मला रातीला घाम सुटायचा, गोधडी पिळून काढावी असा. अंग वाळत चाललं. शेवटाला नगरच्या डाक्टरनं गाठीचा तुकडा काढून मुंबईला धाडला, आन् त्या तुकड्याच्या मागनं मला बी धाडलं.

तिथं मोठ्या दवाखान्यात एक डाक्टरीनबाई हुत्या. बारीक अंगाच्या, केसाचा घट्ट आंबाडा, बोलनं मोजकं. त्या म्हनल्या, "हा कॅन्सर आहे. पण औषधाला दाद देणारा आहे. सहा फेरे घ्यायचे. महिन्याला एक. एका फेऱ्यात दोन सुया, आठ दिवसांच्या अंतरानं, आणि चौदा दिवस गोळ्या. फेरा चुकवायचा नाही. मध्येच सोडलं तर गाठ परत येते, आणि मग ती औषधाला ऐकत नाही." येवढं मला सांगितलं. मग गहिनीनाथला कागदावर सही करायला बाहीर नेलं. तिथं काय बोलनं झालं म्हनून मी विचारलं, तर म्हनला, "काय न्हाई, सहीचं काम हुतं."

आता त्या सुईचं सांगते. काय लोक म्हनत्यात, सुई म्हंजे काय, मुंगी चावल्यागत. या म्हनावं एकदा, घ्या म्हनावं टोचून! शिरंत औषध शिरलं की कोपरापतुर इस्तू चालल्यावानी व्हायचं. तिसऱ्या फेऱ्यापतुर ती शीर काळी पडून सुतळीवानी टनक झाली. सुई दिली की दोन तास काय न्हाई. मानूस म्हनतं, सुटले. मग जी उलटी सुरू व्हायची ती पोटात हुतं ते काढायची, नव्हतं ते बी काढायची. मग हिरवं कडू पानी, मग नुसती कोरडी उबळ. धर्मशाळेच्या मोरीपाशी बसून बसून त्या मोरीच्या फरशीची एकेक चीर मला पाठ झाली हुती. दोन सुयांच्या मधले आठ दिस आमी तिथंच राह्यचो आन् मग यष्टीनं घरी. मांडीवर डालड्याचा रिकामा डबा घेऊन मी मुंबई ते पाथर्डी यायची.

घरी आलं की गोळ्या, आन् गोळ्यांची मळमळ येगळी. त्यात ते दुष्काळाचं साल, बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. अख्खं गाव खडी फोडायला जायचं आन् सरकारचा लाल मिलो जोंधळा घरी आनायचं. तो मिलो गरम दगडात पडला की असा कुबट वास सुटायचा की मी हातातली पाटी टाकून शेडामागं पळायची. ओकून परत आले की रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून एकमेकींकडं बघायच्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना माझी दया येतीय. कशाची दया आन् काय! बोटं मोजत हुत्या मेल्या.

जिभंवर दिसभर तांब्याचा पैसा ठेवल्यागत चव. भाकर खाल्ली तरी पैसा, पानी पिलं तरी पैसा. अधनंमधनं तोंडात फोड यायचे, तवा तर थुंकी गिळायची म्हनलं तरी डोळ्याला पानी. फोड बसले की आंबट तेवढं जिभंला कळायचं, म्हनून मी चिंचंचा गोळा तोंडात धरून दळन घ्यायची. एका बाईनं ते बघितलं. सांजच्याला सगळ्या गावाला ठाऊक, गोजराला चिंच लागती!

बोटं बधिर झाली. दळनारी बाई पीठ चिमटीत धरून बघती, बारीक आलंय का रवाळ, आन् तसा दगड आवळाया सांगती. माझ्या चिमटीत पीठ हाय का न्हाई हेच मला कळंना. कुनाची बाजरी भरड गेली, कुनाचे गहू जळले. येरवी एवढ्यावरनं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता म्हनायला लागल्या, "असू दे गं, असल्या दिसात चित्त थाऱ्यावर नसतंय."

आन् केस. कमरंपतुर हुते माझे. माझ्यातलं लोकांनी चांगलं म्हनावं असं तेवढंच एक हुतं. दुसऱ्या फेऱ्याच्या आधी फनी लावली तर फनीसंगं आख्खी बट आली. न दुखता, न तुटता. आठ दिसात डोकं निम्मं उघडं पडलं, पंधरा दिसात तळहातावानी. मी पदर कपाळापतुर वढून भितीकडं तोंड करून रडत बसले, तर सासू शेजारी येऊन बसली आन् पाठीवरनं हात फिरवून म्हनती कशी, "रडू नगं गोजरे. पोटातल्या लेकरानं जावळासाठी वढून घेतलेत. दाट जावळाचं निपजनार बघ!"

मी इथं बोडकी बसलेय, आन् ह्या बाईला जावळ दिसतंय. तेरा वर्सांत तिनं पह्यल्यांदा माझ्या पाठीवर हात फिरवला हुता, म्हनून मी गप बसले. चुकलंच माझं.

त्या पांढऱ्या गोळ्यांनी तोंड भाकरीवानी गोल झालं. पोट फुगलं. भूक अशी की उलटी झाली की लगेच खावं वाटायचं. गाव म्हनलं, तोंडावर तेज आलंय. आधी वाळलेली गोजरा आता भरलीय. आन् सगळ्यात मोठा पुरावा, गहिनीनाथ तीन महिने दळन घ्यायला फुडं आलाच न्हाई. आठ-आठ दिस मुंबईला असायची तेवढं सोडलं तर पाटी मीच उचलत हुते. मुंबईच्या सुईनं माझा महिना थांबला असंल, असं म्हनायला एकीला बी सुचलं न्हाई. मला बी न्हाई.

मग लंकाबाईला बोलावलं. लंकाबाई आमची सुईन. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलंय, त्यामुळं ती बोलंल ते खरं. आली, मला पटकुरावर उतानी निजवली, हाताला तेल चोळलं आन् डोळे मिटून पोट दाबत बसली. घरात बारा बाया श्वास धरून. मग डोळे उघडून म्हनली, "तिसरा सरत आलाय. पोरगाच हाय. उजव्या अंगाला सरकलाय." चार दिस झाले माझं पोट साफ झालं नव्हतं, त्या सुईनं तसं बी व्हायचं. उजव्या अंगाला काय सरकलं असंल ते मला चांगलं ठाऊक हुतं. पन बोलायची सोय नव्हती. आक्काबाईनं तवर लंकाबाईच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला हुता.

त्या दिसापास्नं माझ्या ताटात तूप आलं. दुष्काळात तूप! कुठनं आनलं कुनास ठाऊक. वांझोटी म्हनायची ती सासू मला "बाय माझी" म्हनाया लागली. टँकर आला की माझी कळशी बाया सोताहून भरून द्यायच्या. आन् गहिनीनाथ? गावातले बाप्ये गिरनीवर येऊन त्याच्या पाठीवर थाप टाकायचे, "काय गड्या, जमलं म्हनायचं!" येरवी त्या लोकांत हा खालमानेनं बसायचा. आता मिशीवरनं हात फिरवायला लागला. एकदा तर भाड्याच्या फेट्यात बसल्यावानी ताठ बसलेला बघितला म्या. बोलला काय न्हाई. हसला तेवढं.

आन् मी? मी शहानी हुते व्हय? सगळ्या गावाला नावं ठेवते, तर माझं बी सांगते. आठ दिस मी बी त्या पोरावर इस्वास ठेवला. डाक्टरीनबाईनं सांगितलं हुतं की उलट्या हुतील, केस जातील. सगळं कानानं ऐकलेलं. तरी बी मनात यायचं, उलटी सुईची असंल, पन महिना थांबला तो कशानं? हे तर कुनी सांगितलं नव्हतं. रोज निजताना मी फुगलेल्या पोटावर हात ठिवायची आन् बधिर बोटांनी काहीतरी हललं असं मनाला समजावायची. नाव बी काढून ठिवलं हुतं. ते न्हाई सांगनार. इतकी खुळी बाई आमच्या तालुक्यात दुसरी नसंल.

अशात चौथ्या फेऱ्याची तारीख आली. सोमवारी सुई. शनिवारी मी पिशवी भरायला काढली तर सासूनं ती हातातनं हिसकावून उतरंडीमागं टाकली.

"कुठं निघालीस? सुई-बिई काय न्हाई आता. ते मुंबईचं इख पोटात गेलं तर लेकरू राहील का?"

"आत्याबाई, फेरा चुकला तर गाठ उठंल. उठली की मग औषध ऐकत न्हाई. डाक्टरीनबाईनं बजावलंय."

"उठंना का! गाठीचं काय, बाळंत झाल्यावर बघू गाठीचं."

बाळंत झाल्यावर बघू. जसं काय गाठ ही पावनी हाय, वसरीला बसवून ठिवायची, चहा पाजायचा, थांब म्हनायचं. वर सोमवारीच चोरचोळी ठरवलेली. पह्यलटकरनीला तिसऱ्या महिन्यात गुपचूप हिरवी चोळी करत्यात, गाजावाजा न करता, दिष्ट लागू न्हाई म्हनून. हिचं गुपचूप म्हंजे आख्ख्या आळीला आवतन. चोळी शिवून आली बी हुती.

मी गिरनीवर गेले. इंजिन बंद हुतं, गहिनीनाथ पट्ट्याला राळ लावत हुता. म्हनलं, "काय करायचं? तुमी तरी सांगा."

त्यानं पट्ट्यावरची नजर काढली न्हाई. म्हनला, "आई म्हनतीय तर ऱ्हाऊ दे. एक फेरा फुडं ढकलला म्हनून काय आभाळ कोसळतंय?"

"आन् गाठ?"

"न्हाई व्हायचं काय."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"लई बोलू नगं गोजरे. असल्या दिसात जिवाला तरास करून घेऊ न्हाई." आन् हँडल मारून त्यानं इंजिन चालू केलं, म्हंजे माझं फुडचं ऐकायला नगं.

त्या राती मी जागीच. पोटात पोर असंल आन् सुई घेतली तर पोर जानार. पोर नसंल आन् सुई चुकली तर मी जानार. एवढा सरळ हिशेब, आन् तो घालायला घरात मी एकटी. लंकाबाईच्या तेलकट हातावर मी मरायला तयार नव्हते. पोर असलं तर डाक्टरीनबाईच्या तोंडून ऐकंन, आन् मग काय करायचं ते मी ठरवंन. गाव न्हाई ठरवनार. लई भ्या वाटलं. पन राग त्याहून मोठा हुता, आन् मी आपलं रागाचंच बोट धरलं.

ऐतवारी दिस उगवताना दळनाचे पैसे कनवटीला लावले, डबा पदराखाली दडवला आन् कळशी घेऊन टँकरच्या रांगेला निघाले. कळशी रांगेत ठिवली आन् मी तशीच फाट्यावर जाऊन यष्टीत बसले. कुनी अडवलं न्हाई. पोटुशी बाई बाजूला जातीय, जाऊ दे, म्हनल्या असतील. नगरला मुंबईची गाडी धरली. खिडकीच्या वाऱ्यानं पदर घसरला. शेजारच्या बाईनं आधी माझं कपाळावरचं ठसठशीत कुंकू बघितलं, मग बोडकं डोकं बघितलं. सवाष्न का रांडव, तिचा काय मेळ बसंना. उठून दुसरीकडं जाऊन बसली. बरं झालं, मला पाय पसरायला जागा झाली.

डाक्टरीनबाईनं माझं ऐकून घेतलं. लघवी तपासायला धाडली, मग पडद्याआड नेऊन आतनं तपासलं. हात धुऊन समोर येऊन बसल्या.

"मूल नाही, गोजराबाई."

माझा हात पोटावर गेला.

"या औषधानं पाळी थांबते. बहुतेक बायकांची थांबते. पुढं मूल होण्याची आशाही फार थोडी. हे सगळं तुमच्या यजमानांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलंय. औषध चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, हेही सांगितलंय. त्यांनी सही केलीय."

कागद काढून दाखवला. विंग्रजीतलं मला काय कळनार? पन खाली गहिनीनाथची सही हुती, मराठीत, शेवटाला शेपूट वढलेली. ती मी वळखते.

म्हनलं, "बाई, पोट माझं. मग सही त्याची कशी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तशी पद्धत आहे," म्हनल्या.

"आन् मला सांगायची पद्धत न्हाई?"

त्यांनी कागद परत फायलीत घातला. चांगली बाई हुती, तिच्यामुळं मी आज बोलतेय. पन चांगल्या मानसांच्या बी काय पद्धती असत्यात!

मग त्यांनी माझी मान चाचपली. डावी, उजवी, परत डावी. काखंत बघितलं. आन् त्या दिवशी पह्यल्यांदा त्या बाईच्या तोंडावर हसू बघितलं म्या. "गाठ हाताला लागत नाही," म्हनल्या. "तुम्ही बघा." माझी बोटं बधिर, मला काय लागनार? पन आरसा दिला हुता त्यांनी. सुपारी हुती तिथं काय नव्हतं. नुसतं बिब्ब्यानं भाजलेलं काळं कातडं. "तरी उरलेले तीन फेरे पुरे करायचे. चुकवायचे नाहीत."

म्हनलं, द्या सुई.

त्या राती मोरीपाशी मी ओकले बी आन् रडले बी. कुठलं कुठनं येत हुतं ते कळंना. जे पोर कवा नव्हतंच त्याच्यासाठी रडत हुते, ह्याची मला लाज वाटली. त्याहून जास्ती वाटला तो संताप. गाव खुळं हुतं, कबूल. सासू खुळी, लंकाबाई खुळी, मी सगळ्यांत खुळी. पन गहिनीनाथ खुळा नव्हता. त्याला सगळं ठाऊक हुतं. माझी वकारी कशाची, माझं पोट कशानं फुगलंय, माझा महिना कशानं थांबलाय. ठाऊक असून तो मिशीवरनं हात फिरवत बसला. तेरा वर्सं लोकांनी त्याला बी टोमने मारले हुते, ते मी बघितलेत. त्याला तीन महिने बाप व्हायला मिळालं, ते त्याला सोडवंना. आन् त्याच्यासाठी एक फेरा चुकवावा लागला तर चुकवायचा. आभाळ कुठं कोसळतंय? कोसळलं असतं ते माझ्या अंगावर.

आठ दिस धर्मशाळेत एकटी राह्यले. दुसरी सुई घेतली. गहिनीनाथ आला न्हाई, निरोप न्हाई.

परत आले तवा दुपार हुती. फाट्यावरनं चालत येताना बाया वाटंवर थांबून माझ्या पोटाकडं बघत हुत्या. घरी पोचले तर वसरी भरलेली. माझ्या येन्याची खबर माझ्या आधी पोचली हुती. आक्काबाई मधोमध बसलेली, मला बघितलं आन् तिनं हंबरडा फोडला, "घालवलंस गं माझं लेकरू! मुंबईला जाऊन टाकून आलीस!"

बाया तिला धरत हुत्या, पदरानं वारा घालत हुत्या. लंकाबाई मान हलवून सांगत हुती, "पोरगाच हुता. माझ्या हाताला लागला हुता." एक म्हातारी मला म्हनली, "झालं ते झालं, पोरी. हात-पाय धू. सुतक न्हाई धरायचं त्याला." माझं सांत्वन चाललं हुतं! डब्यात अजून माझी उलटी हुती, ती मोरीत वतायला सुदिक कुनी वाट दिली न्हाई.

तेवढ्यात गिरनीवरनं गहिनीनाथ आला. भुवयांवर पीठ तसंच. दारात उभा राह्यला, मला बघितलं, आन् त्याला कळलं की मला कळलंय. तसं त्याचं तोंडच सांगत हुतं.

म्हनलं, "गहिनीनाथ, सांग."

सासूचं रडनं मधीच थांबलं. म्या सगळ्यांदेखत नवऱ्याचं नाव घेतलं हुतं, ते बी आरंतुरं करून. पोर टाकून आले ह्याच्याहून बायांना ते जास्ती लागलं.

"सांग ह्यांना. डाक्टरीनबाईनं पह्यल्या दिवशी तुला काय सांगितलं? कशावर सही केलीस? सांग की पोर नव्हतंच. सांग की औषधानं बाईचा महिना थांबतो, तुला ठाऊक हुतं."

त्यानं आईकडं बघितलं. बायांकडं बघितलं. दारातनं डोकावनाऱ्या बाप्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलंल. येवढी मी ओकले, बोडकी झाले, एकटी मुंबईला जाऊन आले, याला चार शब्द जड जातील व्हय?

त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"नशिबात नव्हतं," म्हनला.

आन् बाया गलबलल्या. बिचारा गहिनीनाथ! कसा सोसतोय बघा! एकीनं त्याला पान्याचा तांब्या दिला. दुसरी माझ्याकडं बघून म्हनली, "डोस्क्यावर परिनाम झालाय हिच्या. लेकरू गेलं की हुतं असं." त्यानं तांब्या घेतला, आन् तिथंच भितीला टेकून, लेकरू गेलेल्या बापावानी घटाघटा पानी पिला.

मला हसू आलं. खरंच आलं. पदर डोक्यावरनं काढला, खांद्यापतुर खाली घेतला, सगळ्यांना दिसंल असं डोकं आन् मान उघडी केली. माझ्यासारखी सवाष्न बोडकी उभी हाय, बघा म्हनलं डोळे भरून. इतक्या महिन्यांत, आन् आता ह्या भरल्या वसरीत, एका जिवानं मला येक गोष्ट इचारली नव्हती. म्हनलं आपनच सांगावी.

"गाठ गेली माझी," म्हनले. "डाक्टरीनबाईनं हातानं बघितलं. समदी गेली."

बाया माझ्या तोंडाकडं बघत राह्यल्या. मग आक्काबाईनं नाक पुसलं, लंकाबाईकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"कंची गाठ?" म्हनली.